पुणें दरबारचें एक चित्र आणि मॅलेट घराणें

आमच्या माढ्यास कोट आहे. तो राव रंभा निंबाळकरांनीं बांधला, माढेश्वरीचें देऊळही त्यांचेंच, असें गांवांतील लहानथोर सांगतात. कोट उभा आहे, देऊळ उभें आहे, नांव सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु त्या पुरुषाचा चेहरा कसा होता, पागोटें कोणत्या तऱ्हेचें होतें, बसण्याची ढब कशी होती, हें डोळ्यांपुढें आणूं म्हटलें तर कांहींच उभें राहत नाहीं. नाना फडणिसांचें तसें नाहीं. ती सडपातळ देहयष्टि, तो लांबट चेहरा, ते विचारांत गढलेले डोळे हीं सर्वांच्या ओळखीचीं आहेत. कारण इतिहासाच्या पुस्तकांत त्यांचें चित्र आपण लहानपणापासून पाहत आलों आहों.

गेल्या वर्षीं वर्गांत नानांचा धडा चालला असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "गुरुजी, नानांना समोर बसवून हें चित्र काढलें तरी कोणीं?" प्रश्न साधा दिसला. परंतु उत्तर देऊं लागलों तों त्या एका चित्रामागून एक लढाई निघाली, एक तह निघाला, एक परका वकील निघाला, आणि त्या वकिलाच्या घराण्याची तीन पिढ्यांची हकीकत निघाली. त्या दिवशीं तास संपला आणि उत्तर अपुरें राहिलें. तें आज या अंकांत पुरें करावें असा आमचा हेतु आहे.

प्रथम काळ ध्यानांत घेऊं. 1782 सालच्या सालबाईच्या तहानें मराठे व इंग्रज यांचें पहिलें युद्ध संपलें. हा तह महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीनें झाला होता. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीस पुण्याच्या दरबारीं आपला कायमचा वकील असावा असें वाटूं लागलें. अशा वकिलास इंग्रज रेसिडेंट म्हणत. या कामीं चार्लस वॉर मॅलेट यांची योजना झाली. ते इंग्लंडांतील समरसेट परगण्यांतल्या एका धर्मोपदेशकाचे पुत्र. मॅलेट घराणें आपली परंपरा 1066 सालीं विल्यम राजाबरोबर नॉर्मंडीहून आलेल्या सरदारांपर्यंत नेत असे. हे तरुणपणींच कंपनीच्या नोकरींत शिरले आणि कित्येक वर्षें खंबायतेस राहून इकडील भाषा, रीतिभाती व दरबारी शिष्टाचार शिकले. पुण्यास येण्यापूर्वीं त्यांना उत्तरेकडे महादजींच्या छावणींत जाऊन त्यांची संमति मिळवावी लागली. कारण महादजींस डावलून पुण्यांत वकील बसविणें कंपनीस परवडण्याजोगें नव्हतें. अखेरीस 1786 सालीं ते पुण्यांत दाखल झाले. मुळा व मुठा या नद्यांच्या संगमावर त्यांस राहावयास जागा मिळाली, आणि पुढें अकरा वर्षें त्यांचा मुक्काम तेथें होता.

या अकरा वर्षांतील मोठी गोष्ट म्हणजे 1790 सालचा तह. म्हैसूरच्या टिपू सुलतानानें 1789 च्या अखेरीस त्रावणकोरावर चाल केली. त्रावणकोरचा राजा इंग्रजांचा दोस्त, म्हणून गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस यांनीं टिपूशीं युद्ध करण्याचें ठरविलें. परंतु एकट्या कंपनीच्या बळावर तें युद्ध अवघड होतें. मराठ्यांची फौज व निजामाची फौज मिळाल्यावांचून टिपूचा जोर मोडत नाहीं, हें कलकत्त्यास स्पष्ट कळत होतें. तेव्हां नानांस वळवून घेण्याचें काम मॅलेटसाहेबांकडे आलें. नानाही कांहीं भोळे नव्हते. टिपूनें व त्याच्या बापानें कृष्णेच्या दक्षिणेकडील जो मुलूख दाबला होता तो परत मिळविण्याची ही संधि आहे, हें त्यांनीं ताडलें होतें. परंतु घाई दाखविली तर किंमत उतरते, हेंही ते जाणून होते. पुष्कळ दिवस बोलणीं, खलबतें व पत्रव्यवहार चालून 1790 च्या जून महिन्याच्या पहिल्या तारखेस पुण्यांत तह झाला. निजामही या मसलतींत सामील झाला. आमच्या माढ्या-करमाळ्याचे निंबाळकर ज्या निजामशाहीच्या पदरीं होते, तीच ही निजामशाही. त्यामुळें पुण्याच्या वाड्यांतली ही गोष्ट आपल्या गांवापासून वाटते तितकी दूरची नाहीं.

युद्धाचा वृत्तांत येथें थोडक्यांत सांगतों. मराठ्यांकडून परशुरामभाऊ पटवर्धन व हरिपंत फडके यांच्या फौजा निघाल्या. धारवाडच्या किल्ल्यास वेढा पडला व महिनेच्या महिने चालून 1791 च्या वसंतांत तो किल्ला हातीं आला. 1792 च्या मार्चांत श्रीरंगपट्टण येथें तह झाला. टिपूनें आपलें निम्में राज्य सोडलें, तीन कोटी तीस लक्ष रुपये देण्याचें कबूल केलें, आणि दोन कोंवळे पुत्र ओलीस दिले. मराठ्यांची हद्द तुंगभद्रेपर्यंत पोंचली. या मसलतीबद्दल मॅलेटसाहेबांस 1791 सालीं बॅरोनेट हा किताब मिळाला. बॅरोनेट म्हणजे वंशपरंपरेनें चालणारी 'सर' ही पदवी. तीमुळें उमरावांच्या सभेंत जागा मिळत नाहीं. परंतु ती बापाकडून वडील मुलाकडे जाते. आपल्याकडील वतनदारांस हें निराळें समजावून सांगावयास नको. पुण्यांतील एका कागदावर शिक्का उठला, आणि समरसेटच्या एका घराण्याच्या नांवामागें कायमचा 'सर' लागला.

आतां चिताऱ्याकडे वळूं. 1791 सालीं जेम्स वेल्स नांवाचे एक स्कॉच चितारी मुंबईस उतरले. हे पीटरहेड गांवचे. एतद्देशीय राजेरजवाडे व इंग्रज अंमलदार यांचीं चित्रें काढून द्रव्य मिळवावें हा त्यांचा उद्देश. मॅलेटसाहेबांनीं त्यांस आश्रय दिला, पुण्यास आणलें, आणि दरबारांत त्यांचा प्रवेश करून दिला. सवाई माधवराव पेशवे त्या वेळीं अठरा वर्षांचे होते, आणि त्यांना चित्रांची आवड होती. 1792 सालीं वेल्स यांनीं पेशव्यांचें व नानांचें एकत्र चित्र काढलें. बैठकीवर तरुण पेशवे, जवळच वयोवृद्ध कारभारी, आणि मागें उभे असलेले सेवक, असें तें तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपाशीं आहे. त्याच वर्षीं महादजी शिंदे बारा वर्षांनंतर दक्षिणेंत आले होते, तेव्हां त्यांचेंही चित्र वेल्स यांनीं काढलें. नानांचा जो चेहरा आपण आपल्याच घरच्या माणसाचा असावा तसा ओळखतों, तो या वेल्स यांच्या हातचा. म्हणजे मराठ्यांच्या सर्वांत सावध मुत्सद्द्याचा चेहरा आपणांपर्यंत पोंचला तो इंग्रज वकिलाच्या आश्रितानें काढलेल्या चित्रावरून! आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर हें.

परंतु ज्या मोठ्या चित्राविषयीं आम्हांस मुख्यत्वें सांगावयाचें आहे तें याहून निराळें. ज्या तहानें आपला भाग्योदय झाला त्या तहाचा प्रसंग चित्ररूपानें राहावा अशी मॅलेटसाहेबांची इच्छा होती. 1790 सालीं, गव्हर्नर जनरलची मान्यता आल्यावर, शनिवारवाड्यांत दरबार भरला व तहाचा कागद पेशव्यांच्या हातीं देण्यांत आला. त्या दरबाराचें मोठें चित्र काढण्याचें काम वेल्स यांजकडे आलें. त्यांनीं माणसांचे चेहरे, पोषाख व महाल यांचीं रेखाटनें जमविण्यास आरंभ केला. इतक्यांत 1795 च्या नोव्हेंबरांत साष्टी बेटावरील लेण्यांचीं चित्रें काढीत असतां त्यांस ताप आला व त्यांतच त्यांचा अंत झाला. काम अर्धवट राहिलें. पुढें मॅलेटसाहेब विलायतेस परतल्यावर तीं रेखाटनें टॉमस डॅनियल या प्रसिद्ध चिताऱ्याकडे गेलीं. डॅनियल यांनीं हिंदुस्थानांत पुष्कळ प्रवास केला होता व वेल्स यांचा आणि त्यांचा स्नेह होता. त्यांनीं तें चित्र पुरें केलें, आणि 1805 सालीं लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनांत तें लोकांसमोर मांडलें गेलें. आज तें लंडनच्याच टेट नांवाच्या चित्रसंग्रहांत आहे.

चित्र भव्य आहे. उंच महाल, खांब व महिरपी, बैठकीवर पेशवे, त्यांच्या सन्निध मॅलेटसाहेब, तहाचा कागद, आणि सभोंवार शुभ्र अंगरखे व पागोटीं ल्यालेले सरदार, मुत्सद्दी व मानकरी यांची दाटी. पाहणारा प्रथम त्याच्या थाटानें दिपून जातो व म्हणतो, "वाहवा! पेशव्यांचा दरबार असा होता तर!" असें म्हणण्यांत चूक नाहीं. परंतु विद्यार्थिमित्रहो, ऐतिहासिक चित्र हें साक्षीदाराप्रमाणें असतें. साक्षीदार कितीही भारदस्त दिसला तरी न्यायाधीश त्यास चार प्रश्न विचारल्यावांचून राहत नाहीं. तेच चार प्रश्न आपण या चित्रास विचारूं.

पहिला प्रश्न: काढणारा त्या ठिकाणीं होता काय? 1790 सालीं डॅनियल त्या दरबारांत नव्हते, आणि वेल्स तर अद्याप हिंदुस्थानांतच आले नव्हते. म्हणजे ज्या दोघांच्या हातांनीं हें चित्र झालें त्यांपैकीं एकानेंही तो प्रसंग पाहिलेला नाहीं. वेल्स यांनीं पेशव्यांस पाहिलें तें दोन वर्षांनंतर. तहाच्या वेळीं सोळा वर्षांचे असलेले पेशवे चित्रांत येतात ते अठरा-वीस वर्षांच्या वयाची ओळख घेऊन. यावरून चित्र खोटें ठरत नाहीं. चेहरे प्रत्यक्ष पाहून काढलेले आहेत, महाल प्रत्यक्ष पाहिलेला आहे; फक्त तो क्षण मागाहून जुळविलेला आहे. चेहऱ्यांची व महालाची साक्ष आपण धरावी, क्षणाची साक्ष जपून धरावी.

दुसरा प्रश्न: काढविणारा कोण? हें चित्र मॅलेटसाहेबांसाठीं झालें, आणि अर्थात् त्यांत प्रमुख कृति मॅलेटसाहेबांची आहे. चित्राच्या नांवांतही पहिलें नांव त्यांचें. हाच प्रसंग पेशव्यांनीं आपल्यासाठीं काढविला असता तर मध्यभागीं कोण दिसलें असतें? टिपूस एकट्यानें न जिंकतां येऊन साहाय्याची याचना करणारी कंपनी आणि तें साहाय्य मोलानें देणारे नाना, अशी रचना कदाचित् दिसली असती. सुदैवानें दुसऱ्या पक्षाची साक्ष अगदींच बुडालेली नाहीं. पेशवे दफ्तरांतील मोडी कागद पुण्यांत जतन केलेले आहेत. त्यांतील निवडक कागद रियासतकार सरदेसाई यांनीं 1930 नंतर खंडशः छापविले. पुण्याच्या रेसिडेंटांचा पत्रव्यवहारही पुढें छापला गेला, आणि त्याचा एक सबंध खंड मॅलेटसाहेबांच्या वकिलातीचा आहे. ज्यास या दरबाराची खरी हकीकत जाणावयाची असेल त्यानें चित्र एका हातांत व हे खंड दुसऱ्या हातांत धरावे.

तिसरा प्रश्न: चित्र केव्हां पुढें आलें? हा प्रश्न पुष्कळ लोक विचारीत नाहींत. पण या चित्राच्या बाबतींत तोच अतिशय महत्त्वाचा आहे. लंडनच्या लोकांनीं हें चित्र पाहिलें तें 1805 सालीं. या पंधरा वर्षांत काय काय झालें होतें तें पाहा. महादजी 1794 च्या फेब्रुवारींत वानवडीस वारले. सवाई माधवराव 1795 च्या ऑक्टोबरांत शनिवारवाड्याच्या माडीवरून खालीं पडून गेले. वय अवघें एकवीस. नाना 1800 च्या मार्चांत गेले. 1799 सालीं श्रीरंगपट्टण पडून टिपूही मारला गेला होता. 1802 च्या अखेरच्या दिवशीं दुसऱ्या बाजीरावांनीं वसईस तह करून कंपनीची तैनाती फौज पत्करली, आणि पुढल्याच वर्षीं असईच्या रणांगणावर शिंद्यांची फौज मोडली. म्हणजे ज्या दरबारांत कंपनीचा वकील बरोबरीच्या नात्यानें, किंबहुना थोडें खालीं वांकून, तह करावयास बसला होता, तो दरबार चित्र टांगलें जाईपर्यंत वस्तुतः मावळला होता. 1790 सालचा बरोबरीचा स्नेह 1805 सालच्या भिंतीवर झळकत होता. आणि त्या भिंतीपुढें उभे राहणारे लोक मात्र त्या स्नेह्यांच्या राज्याचे धनी होऊं लागले होते. चित्रांतला रंग ताजा होता, प्रसंग शिळा झाला होता.

चौथा प्रश्न: चित्रांत कोण नाहीं? हा प्रश्न विचारतांना आम्हांस दोन व्यक्तींची आठवण होते. पहिले गंगाराम चिंतामण तांबट. हे पुण्याचे चितारी. वेल्स यांच्या देखरेखीखालीं शनिवारवाड्यांत चित्रकलेची एक शाळा निघाली होती; तींतील शिष्यांत गंगाराम यांचें नांव अग्रभागीं येतें. वेल्स पुण्यास येण्यापूर्वींच ते मॅलेटसाहेबांसाठीं चित्रें काढीत. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहांतल्या गेंड्याचें त्यांनीं 1790 सालीं काढलेलें चित्र आजही पाहावयास मिळतें. वेरूळचीं लेणीं त्यांनीं बारकाईनें रेखाटलीं. मल्लांचे डावपेच काढले. त्यांचीं अनेक चित्रें अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत. डॅनियल यांच्या लंडनमधील भव्य चित्राची कीर्ति जगभर झाली. आमच्या पुण्याच्या तांबटांचें नांव महाराष्ट्रांत तरी कितीजणांस ठाऊक आहे?

दुसऱ्या अंबर कौर. ह्या हिंदी स्त्री पुण्यांत मॅलेटसाहेबांच्या घरीं त्यांच्या सहचारिणी होत्या, व त्यांस तीन मुलें झालीं. मुलें शिक्षणासाठीं विलायतेस गेलीं. वेल्स यांनीं अंबर कौर यांचेंही चित्र काढलें. तहाच्या मोठ्या चित्रांत त्या नाहींत, कारण दरबार हें पुरुषांचें ठिकाण. परंतु घराण्याच्या हकीकतींतूनही त्या हळूहळू मागें पडल्या. मॅलेटसाहेब 1798 च्या सुमारास स्वदेशीं परतले व 1799 सालीं त्यांचा विवाह झाला तो सुसाना वेल्स यांच्याशीं. ह्या त्याच वेल्स चिताऱ्यांच्या कन्या. अशा रीतीनें ज्यांनीं घराण्याचीं चित्रें काढलीं त्यांचेंच रक्त पुढें घराण्यांत आलें. परंतु ज्या आईचीं मुलें समुद्रापलीकडे गेलीं तिचें पुढें काय झालें हें सांगणारें चित्र कोणीं काढलें नाहीं. देवाच्या दृष्टीला जें माणूस लहान नाहीं, तें चित्राच्या चौकटीबाहेर राहिलें म्हणून आपण लहान मानूं नये.

मॅलेट घराण्याची पुढील हकीकतही आपल्या मुलुखाशीं बांधलेली आहे. सर चार्लस व सुसाना यांस आठ पुत्र झाले. वडील पुत्र अलेक्झांडर हे बॅरोनेट झाले व जर्मनींत इंग्लंडचे वकील म्हणून राहिले. त्यांचे पुत्र एडवर्ड हे प्रथम मिसर देशांत व पुढें बर्लिन येथें इंग्लंडचे प्रतिनिधि होते. आजोबांनीं पुण्यांत जो धंदा केला तोच नातवानें बर्लिनला केला. सर चार्लस यांचे इतर पुत्रांपैकीं कांहीं मुंबई इलाख्यांत आले. एक घोडदळांत होते. ते 1856 सालीं इराणांत बुशायरच्या मोहिमेंत पडले. दुसरे ह्यू पॉयंट्झ मॅलेट हे ठाण्याचे कलेक्टर. 1850 च्या मे महिन्यांत ते चौकच्या बाजूनें डोंगर चढून माथेरानच्या माथ्यावर गेले, तेथील गार हवा व दाट झाडी पाहून प्रसन्न झाले, व पुढें तेथें वस्ती करविली. सहलीस माथेरानास गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनीं तेथील झऱ्यास मॅलेट हें नांव दिलेलें ऐकलें असेल. तो झरा, पुणें दरबारचें तें चित्र, आणि नानांचा तो ओळखीचा चेहरा, या तीन वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टी एकाच घराण्याच्या धाग्यांत ओंवलेल्या आहेत.

एक गोष्ट पालकांसही रुचेल अशी आहे. छायाचित्रण लोकांपुढें आलें तें 1839 सालीं. तत्पूर्वीं एका चित्राचीं शेंकडों चित्रें करावयाचीं तर तांब्याच्या पत्र्यावर कोरून छाप काढावा लागे. एका रीतींत दातेरी हत्यार फिरवून सगळा पत्रा खरबरीत करीत. तसाच शाई लावून छापला तर कागद सगळा काळा उठे. मग जेथें उजेड पाहिजे तेथें पत्रा खरवडून व घोटून गुळगुळीत करीत. असा काळोखांतून उजेड काढीत काढीत चेहरा तयार होई. डॅनियल यांच्या चित्राचाही असा छाप थोड्याच वर्षांत निघाला व त्यामुळें तें घरोघर पोंचलें. अशा मोठ्या चित्राबरोबर पुष्कळदां एक साधी रेघांची आकृति देत. तींत प्रत्येक डोक्यावर आंकडा असे व खालीं त्या त्या आंकड्यापुढें नांव असे. ही आकृति दिसावयास रुक्ष. पण ती नसेल तर शें-दीडशें वर्षांनीं सरदार कोण व कारकून कोण हें कोणीं सांगावें?

आज त्या दरबाराचा महाल नाहीं. 1828 च्या फेब्रुवारींत शनिवारवाड्यास आग लागली. ती दिवसच्या दिवस जळत राहिली, आणि आंतील लांकडी कोरीव काम व दिवाणखाने भस्मसात् झाले. संगमावरचा मॅलेटसाहेबांचा बंगलाही त्याआधींच, 1817 च्या नोव्हेंबरांत खडकीच्या लढाईच्या दिवशीं, जळून गेला होता. यजमानाचा वाडा गेला, पाहुण्याचा बंगलाही गेला. आज आपण दिल्ली दरवाजांतून आंत शिरतों तेव्हां तट, बुरूज व जोतीं एवढेंच दिसतें. म्हणून कितीही उणें काढलें तरी त्या महालाच्या अंतरंगाची साक्ष देणाऱ्या चित्राचें मोल आपणांस मानलें पाहिजे. ज्या साक्षीदारास आपण उलटसुलट प्रश्न केले, त्याचा उपकारही विसरतां कामा नये.

आतां आपल्या घराकडे येऊं. थोरामोठ्यांचीं चित्रें काढावयास चितारी मिळतात. आपल्यासारख्यांच्या घरीं काय असतें? लांकडी पेटींत किंवा देवघराच्या बाजूस टांगलेलें, कडा पिवळ्या पडलेलें एखादें छायाचित्र असतें. आजोबा खुर्चीवर, आजी शेजारीं उभी, पोरें खालीं जमिनीवर. कोपऱ्यांत एक बाई अर्धवट दिसते. ती कोण, हें आजीला ठाऊक असतें. आजी गेली कीं तें ज्ञानही जातें, आणि तें माणूस पुन्हां एकदां, कायमचें, चौकटीबाहेर पडतें. आज तर प्रत्येक घरांत फोन आहे आणि त्यांत हजारों छायाचित्रें आहेत. परंतु नांवावांचूनचीं हजार छायाचित्रें हीं नांवासह असलेल्या एका छायाचित्राइतकीं बोलत नाहींत.

म्हणून सर्व विद्यार्थ्यांस आमचें सांगणें आहे कीं या सुटींत घरांतील एक तरी जुनें छायाचित्र हातीं घ्यावें, घरांतील वडील मंडळींजवळ बसावें, आणि तेच चार प्रश्न विचारावे: हें कोणीं काढलें, कोणासाठीं काढलें, केव्हां काढलें, आणि त्या दिवशीं घरचें कोण यांत नाहीं. उत्तरें छायाचित्राच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनें हलक्या हातानें लिहावीं. शाईनें लिहूं नये. ती पुढच्या बाजूस उतरते. पालकांस विनंति इतकीच कीं मुलें विचारावयास आलीं तर "आतां वेळ नाहीं" असें म्हणूं नये. लहान मुलाच्या प्रश्नानें किती दूरचा दरवाजा उघडतो याचा अनुभव आम्हीं वर सांगितलाच आहे.

आणि दुसऱ्यास सांगावें तें आधीं आपण करावें, म्हणून या अंकासाठीं घेतलेल्या शाळेच्या छायाचित्राखालीं या वेळीं सर्वांचीं नांवें डावीकडून उजवीकडे क्रमानें छापविलीं आहेत. त्यांत मुख्याध्यापक व शिक्षक आहेत, वर्गांचे प्रतिनिधि आहेत, आणि मागील रांगेंत डावीकडे उभे असलेले घंटा देणारे काका व पाण्याची व्यवस्था ठेवणाऱ्या मावशी यांचींही नांवें आहेत. पन्नास वर्षांनीं एखादा विद्यार्थी हा अंक हातीं घेऊन "हे कोण?" असें विचारील, तेव्हां त्यास उत्तरासाठीं दूर जावें लागूं नये.